काका म्हणतात कागदावर सही करणार नाही, जजसाहेबांसमोर तोंडाने सांगेन: मग अर्ज कसा करायचा

निफाड तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. वडिलांनी २०११ साली गावातल्या एकाकडून हातउसने पैसे घेतले, त्याने तारण म्हणून दीड एकराचं खरेदीखतच करून घेतलं, तोंडी बोली अशी की पैसे फिटले की जमीन परत. आता तो माणूस म्हणतो कसली बोली, मी विकत घेतलीये. दावा २०१९ चा, निफाड कोर्टात. मुद्दे निघालेत (म्हणजे वादाचे प्रश्न कोर्टाने ठरवलेत), साक्षीदारांची यादी दिलीये, वडिलांचा उलटतपास गेल्या महिन्यात संपला. पण बोली झाली तेव्हा समोर हजर असलेले एकमेव माणूस म्हणजे वडिलांचे मावसभाऊ, वय ७९, ते तेव्हा सुरतला मुलाकडे होते आणि या भानगडीत पडायला तयार नव्हते म्हणून यादीत त्यांचं नावच नाही. आता तयार आहेत, पण शपथपत्र करायला नाही म्हणतात, "मी कागदावर सही करणार नाही, जजसाहेबांसमोर तोंडाने सांगेन." वकील म्हणतात की सरतपास (आपल्याच बाजूने घेतलेली पहिली साक्ष) शपथपत्रावरच होतो, तोंडी चालत नाही. प्रश्न: तोंडी साक्षीची परवानगी कशी मागायची आणि मिळते का.

मिळते. पण आधी एक घोळ सोडवू. "तोंडी साक्षीची परवानगी" असं ज्याला तुम्ही म्हणताय त्या दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत आणि दोन्ही एकाच वाक्यात मागितल्या की दोन्ही जातात. पहिली, यादीत नसलेला साक्षीदार आणू द्या. दुसरी, त्याचा सरतपास शपथपत्राऐवजी कोर्टासमोर तोंडी घ्या. मी नाशिकला सीबीएससमोरच्या (मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या) कोर्टात पंचवीस-सव्वीस वर्षं दिवाणी काम करतोय, निफाड, येवला, दिंडोरी सगळीकडे तारखा केल्यात, आणि हे दोन विषय एकमेकात कालवलेले अर्ज इतके पाहिलेत की बस. जजसाहेब वर बघतात, विचारतात नक्की काय पाहिजे, वकील म्हणतात साक्षीदार तपासायचाय, समोरचे म्हणतात से (लेखी म्हणणं) द्यायला वेळ हवा, आणि दीड महिन्याची तारीख पडते.

तर यादीचं आधी बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १६ रूल १ आहे. मुद्दे निघाल्यापासून १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची, आणि समन्स काढायचं असेल तर साक्षीदार कशासाठी हवाय ते अर्जात लिहायचं. यादीत नसलेला माणूस आणायचा असेल तर त्याच रूलचा सबरूल ३, नाव का राहिलं याचं पुरेसं कारण दाखवा, कोर्ट कारणं नोंदवून परवानगी देतं. "पुरेसं कारण" हेच सगळं आहे. ते कसं लिहायचं ते पुढे सांगतो.

त्याला लागूनच रूल १अ आहे, समन्स न काढता स्वतःहून साक्षीदार आणण्याचा. यावर सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा मांगेराम वि. ब्रिजमोहन आणि १९९९ चा विद्याधर वि. माणिकराव, दोन्हीत म्हटलंय की पक्षकाराने साक्षीदार स्वतः हजर केला तर केवळ यादीत नाव नाही म्हणून त्याला तपासायचं नाकारता येत नाही, कोर्टाचा तो अधिकार फार मर्यादित आहे. म्हणजे तुमचे काका स्वतःच्या पायाने तारखेला येऊन उभे राहिले असते तरी चाललं असतं. तरीही मी म्हणतो अर्ज द्या. कारण समोरचे वकील हरकत घेणारच, त्यावर युक्तिवाद होणार, आणि ७९ वर्षांचा माणूस लाकडी बाकावर संध्याकाळपर्यंत बसून घरी परत जाणार. एकदा असा परत गेलेला साक्षीदार दुसऱ्यांदा येईलच याची गॅरंटी नाही.

आता खरी गंमत दुसऱ्या परवानगीत आहे. तुमचे वकील चूक बोलत नाहीयेत, पण अर्धं बोलतायत. ऑर्डर १८ रूल ४ प्रमाणे सरतपास शपथपत्रावर, हे १ जुलै २००२ पासून आहे आणि अपीलपात्र दाव्यांनाही ते लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने अमीर ट्रेडिंगच्या निकालात म्हणून ठेवलंय. पण त्याच्याही आधी सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनचा पहिला निकाल आहे, २००३ साली एससीसी या निकालांच्या संग्रहाच्या पहिल्या व्हॉल्यूममध्ये पान ४९ वर. त्यात हा फरक स्पष्ट केलाय: जो साक्षीदार पक्षकार स्वतः आणतो त्याला शपथपत्राचा नियम लागणारच, पण ज्याला कोर्टाकडून समन्स जातं त्याच्या बाबतीत तो नियम शिथिल करता येतो. कोर्ट त्याला विचारू शकतं की बाबा शपथपत्र देतोस की इथे येऊन सांगतोस, आणि काय करायचं ते कोर्ट त्या त्या केसप्रमाणे ठरवतं.

वाट इथेच आहे. काकांना तुम्ही "आमचा माणूस" म्हणून घेऊन गेलात तर शपथपत्र. त्यांना समन्स काढलंत तर तोंडी सरतपासाची मागणी करता येते. म्हणून तुमच्या केसमध्ये रूल १अ सोडा, १(३) खाली नाव घालायची परवानगी मागा आणि त्याच अर्जात समन्सची व तोंडी सरतपासाची विनंती वेगळ्या परिच्छेदात. समन्स म्हणजे काकांचा अपमान वगैरे नाही हे त्यांना आधीच समजावून सांगा, आपल्याकडे दारात बेलिफ आला की म्हातारी माणसं घाबरतात, शेजारी विचारतात काय झालं. आणि भत्ता भरायचा विसरू नका, ऑर्डर १६ रूल २, मुदत जास्तीत जास्त ७ दिवसांची, नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याकडे) पावती करायची. भत्ता भरला नाही म्हणून समन्स निघालंच नाही आणि तारखेला वकील "साक्षीदार गैरहजर" म्हणून ओरडतोय असं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कोर्टात चालू असतं. लवकर व्हायचं असेल तर दस्ती समन्स मागा, रूल ७अ खाली कोर्ट ते तुमच्या हातात बजावायला देऊ शकतं.

अर्ज कसा लिहायचा त्याबद्दल माझीच एक फजिती सांगतो. वकिली सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील, वाटपाचा दावा होता, यादीबाहेरचा एक साक्षीदार आणायचा होता. मी अर्ज लिहिला, पाच ओळींचा, "सदर साक्षीदार महत्त्वाचा असून न्यायाचे दृष्टीने त्यास तपासणे आवश्यक आहे, न तपासल्यास अर्जदाराचे कधीही न भरून येणारे नुकसान होईल." बाररूममधल्या जुन्या अर्जावरून उतरवलेला. जजसाहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "हा येऊन काय सांगणार?" मी म्हटलं, सर, वस्तुस्थिती सांगेल. ते म्हणाले कुठली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला माहीत होतं तो काय सांगणार, पण मी ते लिहिलंच नव्हतं आणि उभ्या उभ्या सुचेना. अर्ज नामंजूर, वर पाचशे रुपये कॉस्ट. ती कॉस्ट मी पक्षकाराला न सांगता खिशातून भरली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात चार गोष्टी असतात. हा माणूस कुठे होता आणि त्याने काय पाहिलं-ऐकलं. ती गोष्ट वादपत्रात कुठल्या परिच्छेदात आहे आणि कुठल्या मुद्द्याशी जोडलेली आहे. ती दुसऱ्या कुठल्या कागदातून किंवा साक्षीदारातून का सिद्ध होत नाही. आणि नाव आधी का दिलं नाही, तारखांसकट. तुमच्या बाबतीत अर्जाचा गाभा साधारण असा होईल:

"३) वादपत्रातील परिच्छेद क्र. ५ मध्ये नमूद केल्याप्रमाणे खरेदीखताच्या आदल्या दिवशी प्रतिवादीच्या घरी वादी व प्रतिवादी यांच्यात जी बोलणी झाली त्यावेळी सदर साक्षीदार स्वतः हजर होते. जमीन केवळ तारण म्हणून नावावर करून देत असून रक्कम परत केल्यावर प्रतिवादी ती परत करून देतील हे प्रतिवादीचे बोलणे साक्षीदाराने स्वतः ऐकले आहे. त्या वेळी वादी, प्रतिवादी व साक्षीदार यांच्याखेरीज चौथे कोणी हजर नव्हते.
४) साक्षीदारांची यादी दाखल केली तेव्हा सदर साक्षीदार सुरत येथे मुलाकडे राहत होते व साक्ष देण्यास तयार नव्हते. ते आता गावी परत आले असून साक्ष देण्यास तयार आहेत. वादीचा पुरावा अद्याप बंद झालेला नाही व प्रतिवादीचा पुरावा सुरू झालेला नाही, त्यामुळे प्रतिवादीस उलटतपासाची पूर्ण संधी राहील.
५) साक्षीदाराचे वय ७९ असून साक्ष तोंडी संभाषणाबाबत आहे. साक्षीदार शपथपत्र देण्यास तयार नसल्याने त्यांना समन्स काढून त्यांचा सरतपास मे. कोर्टासमोर तोंडी नोंदवावा."

इतकंच. यात "न भरून येणारे नुकसान" कुठेही नाही बघा. काका तेव्हा तयार नव्हते हे लपवू नका. बरेच वकील इथे "नजरचुकीने नाव राहिले" असं लिहितात, आणि मग उलटतपासात काका सरळ सांगून टाकतात की मला कशाला या लफड्यात ओढता म्हणून मीच नाही म्हटलं होतं. झालं, अर्जातलं कारण खोटं ठरलं आणि साक्षीवरचा विश्वासही गेला. खरं कारण साधं दिसलं तरी तेच टिकतं. अर्जासोबत सुरतच्या पत्त्याचा एखादा कागद जोडा, मुलाचं लाइट बिल, तिकडच्या दवाखान्याचे पेपर, काहीही.

आता ही साक्ष चालेल का, हा त्याच्याही आधीचा प्रश्न, आणि समोरचे वकील नेमकं इथेच मारतील. ते म्हणतील खरेदीखत रजिस्टर आहे, लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, कलम ९१-९२. तुमचा दावा २०१९ चा आहे म्हणून कलमं जुन्या पुरावा कायद्याचीच, १ जुलै २०२४ ला नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला पण त्याच्या कलम १७० प्रमाणे तेव्हा चालू असलेली कामं १८७२ च्याच कायद्याने चालतात. हल्ली लोक सरसकट नवे आकडे टाकतात आणि मग कोर्टात दुरुस्तीचा अर्ज देत बसतात. (नवीन दावा असता तर हीच कलमं ९४-९५ झाली असती.)

कलम ९२ चं म्हणणं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. दस्तात लिहिलेल्या अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही. मात्र हा दस्त खरेदी म्हणून अमलात आणायचाच नव्हता, नावापुरता होता, हे दाखवायला चालतो. गंगाबाई वि. छबूबाई, सुप्रीम कोर्ट, १९८२ च्या एआयआरमध्ये (हाही निकालांचा संग्रह) पान २०. दुसरं, मोबदला मिळालाच नाही किंवा पूर्ण मिळाला नाही हेही ९२ च्या पहिल्या परंतुकाखाली दाखवता येतं. पण एक लक्षात घ्या, "हे खरेदीखत नसून गहाणखत आहे" असं काकांच्या तोंडून वदवायला जाऊ नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८(क) चं परंतुक आहे, परत विकायची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर त्याला सशर्त विक्रीचं गहाण मानता येत नाही. म्हणजे तुमची लाइन "गहाण" ही नाही, "खरेदी व्हायचीच नव्हती, नावाला केलं" ही आहे. वादपत्रात नक्की कुठली लाइन घेतलीये ते आज संध्याकाळी बसून वाचा. वादपत्रात त्या बोलण्याचा उल्लेखच नसेल तर काकांची साक्ष कितीही खरी असो, प्लीडिंगमध्ये (कोर्टात लेखी मांडलेल्या म्हणण्यात) नाही त्याचा पुरावा नाही. मग आधी ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती, आणि सुनावणी सुरू झाल्यावर ती मिळणं फार अवघड, पुरेशी काळजी घेऊनही आधी का मांडता आलं नाही ते दाखवावं लागतं.

दुसरी हरकत येईल की हा ऐकीव पुरावा आहे. नाही. कलम ६० म्हणतं तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, पाहिलं ते पाहणाऱ्याने, ऐकलं ते ऐकणाऱ्याने सांगावं. काकांनी प्रतिवादीच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रतिवादीचं स्वतःचं बोलणं त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून येऊ शकतं. ऐकीव कधी झालं असतं, तर वडिलांनी घरी येऊन काकांना सांगितलं असतं की अशी बोली झाली, आणि काका तेच कोर्टात सांगायला आले असते तर. त्यामुळे काकांशी बोलताना नीट खोदून विचारा, तुम्ही खरंच ओट्यावर बसला होतात का, की चहा पिऊन निघालात आणि बाकीचं नंतर कळलं? हा फरक उलटतपासात निघण्याआधी तुमच्या घरात निघाला पाहिजे.

तोंडी सरतपास हवाय म्हणता तर तो कसा असतो तेही समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं तोंडी म्हणजे सोपं. उलट आहे. शपथपत्रात वकील व्यवस्थित मांडून देतो, तोंडीत तुमच्या वकिलाला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणजे उत्तर आत दडलेला प्रश्न नाही चालत. "त्या दिवशी तुम्ही प्रतिवादीच्या घरी गेला होता ना?" असं विचारलं की समोरचे उठलेच. "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" इथून सुरू करायचं. मग कोण कोण होतं, काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं. काकांनी स्वतःहून, क्रमाने, आपल्या शब्दांत सांगायचं. आणि जजसाहेब ऐकून टायपिस्टला सांगत असतात म्हणून वाक्यावाक्याला थांबायचं. सलग बोलत सुटले की अर्धं रेकॉर्डवर येतच नाही. शेवटी वाचून दाखवतात तेव्हा लक्ष देऊन ऐकायचं, चूक असेल तर तिथेच सांगायचं, नंतर नाही. शपथ म्हणजे देवाची शपथ किंवा सत्यप्रतिज्ञा, १९६९ च्या शपथ कायद्यात दिलेल्या मजकुराप्रमाणे, सिनेमातल्यासारखी गीता वगैरे कुणी हातात देत नाही, काका विचारतील म्हणून सांगून ठेवतो.

खरं सांगू का, मला काकांचा हट्ट आवडला. शपथपत्राच्या पद्धतीत किती साक्षीदार वाया जातात ते मी बघतो. एक केस होती दिंडोरी साइडची, समोरच्या पार्टीचा साक्षीदार द्राक्षबागायतदार, चौथी शिकलेला, शपथपत्र मात्र इंग्रजीत, आठ पानी, त्यात "द सेड सूट प्रॉपर्टी" वगैरे. मी उलटतपासाला उभा राहिलो, पहिला प्रश्न, हे शपथपत्र कुठल्या भाषेत आहे? म्हणे माहीत नाही. वाचून दाखवलं होतं का? "नाही, सायबांनी सही कर म्हटलं, म्या केली." पुढचे प्रश्न मी जेमतेम पाच मिनिटं विचारले. तो माणूस खरं बोलत होता, त्याला माहीत होतं ते तोंडाने सांगितलं असतं तर मला जड गेलं असतं. म्हणून ज्यांना शपथपत्र द्यायचंच आहे त्यांनी निदान मराठीत, साक्षीदाराच्या बोलण्याजवळचं करा.

तुमच्या प्रश्नात नव्हतं पण विचारणारच आहात म्हणून सांगतो, वडिलांऐवजी मी कुलमुखत्यार म्हणून साक्ष देऊ का, असं खूप मुलं विचारतात. तुमच्या वडिलांनी साक्ष दिलीये हे फार बरं झालं. जानकी भोजवानीच्या २००५ सालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जे फक्त मूळ पक्षकारालाच माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार त्याच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. आणि वर सांगितलेल्या विद्याधरच्याच निकालात आहे की पक्षकार स्वतः पिंजऱ्यात आलाच नाही तर त्याचं म्हणणं खरं नाही असं अनुमान निघतं. क्रमही तुमचा बरोबर आहे, आधी पक्षकार मग बाकीचे, ऑर्डर १८ रूल ३अ. तो उलटा करायचा असता तर त्यालाही वेगळी परवानगी लागली असती.

बँकेच्या माणसाचं वेगळं आहे. मोबदला खरेदीखतात लिहिलाय तेवढा आला नाही हे दाखवायला पासबुक असेल, स्टेटमेंट असेल, तर अधिकाऱ्याला तोंडी साक्षीला बोलावण्याआधी विचार करा. नुसता कागद हजर करायला समन्स काढलं तर तो माणूस साक्षीदार होत नाही, कलम १३९, त्याचा उलटतपासही नाही, कागद देऊन जातो. कागद पुरत असेल तर माणूस आणू नका. माझा अनुभव असा की अनावश्यक साक्षीदारानेच जास्त दावे घालवलेत, प्रत्येक नवा माणूस म्हणजे समोरच्याच्या हातात एक नवा उलटतपास. खरेदीखतावरच्या साक्षीदाराचंही तेच, तो प्रतिवादीचा माणूस असेल तर त्याला तुमच्याकडून बोलावू नका. बोलावलात आणि उलटला तर कलम १५४ खाली त्यालाच उलटतपासासारखे प्रश्न विचारायची परवानगी मागता येते, ते कोर्टाच्या मर्जीवर, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

काकांची तब्येत बघा. पायऱ्या चढवत नसतील, बायपास वगैरे झालं असेल तर ऑर्डर २६ रूल १ खाली कोर्ट कमिशनर घरी पाठवून साक्ष घेता येते, नोंदणीकृत डॉक्टरचं सर्टिफिकेट कोर्ट स्वीकारू शकतं, डॉक्टरला बोलवायची गरज पडत नाही. परत सुरतला जायचे असतील तर ऑर्डर १८ रूल १६, साक्षीदार हद्द सोडून चाललाय म्हणून लगेच साक्ष घ्या, हा अर्ज फार कमी लोक करतात आणि फार कामाचा आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचीही सोय आहे, २००३ च्या प्रफुल्ल देसाई निकालापासून त्याला मान्यता आहे, पण कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाची साक्ष स्क्रीनवर घ्यायच्या मी विरुद्ध आहे. तीन वेळा "काय म्हणाले?" झालं की जजसाहेबांची नजर घड्याळाकडे जाते. पण हे सगळं वापरायचं असेल तरच, काका चालत येऊ शकत असतील तर कोर्टातच आणा. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं जजसाहेब ऐकतात, कमिशनरने लिहून आणलेला कागद ते वाचतात, आणि तोंडी साक्ष घ्या असं आपण म्हणतो ते यासाठीच तर.

सगळ्यात महत्त्वाचं, पुरावा बंदची पुरशीस (आमचा पुरावा संपला असं कोर्टाला लिहून देणं) अजून दिली नाहीये ना याची खात्री रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) पाहून करा, वकिलांच्या तोंडी नको. दिली असेल तर वाट लांबते, मग ऑर्डर १८ रूल १७ आणि कलम १५१ खाली पुरावा पुन्हा उघडायचा अर्ज. २०११ च्या वेलुसामी निकालाने तसं करता येतं हे सांगितलंय, पण क्वचित आणि सबळ कारणासाठीच, आणि २००९ च्या वादिराज वेर्णेकर निकालात म्हटलंय की उलटतपासात पडलेली भोकं बुजवायला हा रूल नाही. तुमच्या वडिलांच्या उलटतपासात काही उलटंसुलटं आलं असेल तर समोरचे नेमकं हेच म्हणतील, की आता काकांना आणून लिंपायला निघालेत. म्हणून अर्जात लिहा की त्या बैठकीचा उल्लेख वादपत्रात पहिल्यापासून आहे, वडिलांच्या शपथपत्रात आहे, नवीन काही नाही.

अर्ज नामंजूर झालाच तर हायकोर्टात अनुच्छेद २२७ खाली रिट, त्यासाठी आदेशाची सर्टिफाइड कॉपी लगेच मागून ठेवा, पुढची तारीख यायची वाट पाहू नका.

बाकी ज्यांचे मामले वेगळे आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. ग्राहक आयोगात सगळं शपथपत्र आणि कागदावरच चालतं, तोंडी तपासणी हवी असेल तर २०१९ च्या कायद्याच्या ३८(६) खाली कारण दाखवून अर्ज. फौजदारीत यादीबाहेरचा साक्षीदार असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ च्या जागी आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३४८. चेक बाउन्सला तक्रारदाराचं शपथपत्र आणि आरोपीने अर्ज केला की उलटतपास, एनआय (परक्राम्य संलेख) अ‍ॅक्ट १४५. व्यापारी दाव्यांत सगळ्या साक्षीदारांची शपथपत्रं एकदमच द्यावी लागतात, तिथे मागाहून काकांना आठवून चालत नाही.

तारीख मागताना कॅलेंडर बघा. निफाड-दिंडोरीचा साक्षीदार जानेवारी ते मार्च कोर्टात यायला कुरकुरतो, द्राक्षांचा खुडा (तोडणी) चालू असतो, व्यापारी बांधावर उभा असतो, आणि कांदा काढणीही त्याच सुमारास. दिवाणीत तारखा तीनच असं ऑर्डर १७ म्हणतं, त्यातली एक यात घालवू नका. आणि साक्षीच्या दिवशी वडिलांचं किंवा दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर काकांना हॉलमध्ये बसवू नका, बाहेर बाकावर बसवा, "आधी आत बसून ऐकत होतात ना?" हा प्रश्न ठरलेला असतो. आधार कार्ड, वाचायचा चष्मा आणि कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल सोबत असू द्या, आणि सकाळी काही खाऊन या म्हणावं, पुकारा साडेअकराला होईल की चारला ते कुणालाच सांगता येत नाही.